बोअर घेण्याआधी दगड ओळखायला शिकता येतं का?

बोअर कुठे घ्यायचा हे ठरवायला आजही अनेक गावांत हातावर नारळ ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावलं जातं. बोअर कोरडा गेला की पैसे गेले ते गेलेच. पाणी कुठल्या थरात साठतं याची प्राथमिक ओळख मात्र खोलीत बसूनही होऊ शकते. प्रौढांसाठीच्या भूशास्त्राच्या छोट्या वर्गांचा खरा उपयोग इथे आहे.

वर्गात काय शिकतात?

साहित्य साधंच लागतं: दगडांचे नमुने, भिंग, लोखंडी खिळा, सौम्य आम्ल आणि आपल्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा. दगडातला पांढरा स्फटिक खिळ्याने ओरखडला गेला आणि आम्लाच्या थेंबाने फसफसला, तर तो कॅल्साइट. गारेवर खिळ्याचा ओरखडा उठत नाही. विज्ञानाची पदवी नसलेल्यांनाही हे पहिल्याच दिवशी जमतं.

महाराष्ट्राचा दगड

राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. थराचा खालचा भाग बहुधा घट्ट, म्हणजे काळा पाषाण. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजं भरली. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कधी गेरूसारखा लाल, चिकणमातीचा पट्टा सापडतो. हे शब्द पुस्तकातल्या संज्ञांपेक्षा लवकर लक्षात राहतात, त्यामुळे शिकवायला सुरुवात त्यांच्यापासूनच केलेली बरी.

घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ मावत नाही. ते साठतं झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. लाल पट्टा पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्यावर पाणी अडतं आणि डोंगरउतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणूनच शेजारच्या बोअरला पाणी लागलं तरी आपल्याला लागेलच असं नाही. खोल गेलं की जास्त पाणी, हा समजही इथे टिकत नाही. कधी कधी तर आपला नवा बोअर शेजाऱ्याचंच पाणी ओढत असतो.

मर्यादा

पुण्यात शिकलेलं चंद्रपूरला जसंच्या तसं चालत नाही. तिथे बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने, कोळसा असलेले खडकही आहेत. दक्षिण कोकणात जांभा भेटतो. टेबलावरचा स्वच्छ नमुना आणि झाडाझुडपांत लपलेला झिजलेला खडक यांतही बराच फरक असतो. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. उतार धोकादायक आहे का, हे वर्ग केलेल्याने नव्हे, तज्ज्ञानेच जागेवर जाऊन ठरवायचं. बोअरची जागाही भूजलतज्ज्ञाला दाखवलेली चांगली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून हेच काम करते.

वर्ग केलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र लगेच करता येते. बोअर चालू असताना दर दहा फुटांना बाहेर येणारा चुरा वेगळ्या पिशवीत भरून त्यावर खोली लिहायची. चुरा कुठे लाल झाला आणि ओल कुठे लागली, ही नोंद गावातल्या पुढच्या बोअरच्या वेळी कामी येते.