मूठभर गव्हाचा उन्हाळा

गहू ओलवायचा, दळायचा, चाळून त्याचा रवा काढायचा, तो दुधात भिजवून घट्ट मळायचा आणि मग त्या गोळ्यातून चिमटीनं एकेक गव्हाचा दाणा वळून काढायचा. म्हणजे गव्हाचा पुन्हा गहूच! गव्हला नावाच्या या पदार्थाची कृती कुणा परक्या माणसाला सांगितली तर तो विचारील, या बायकांना दुसरा उद्योग नव्हता काय? होता, आणि बख्खळ होता. तरीही उन्हाळा तापू लागला की घराघरांत ताटं पुढ्यात घेऊन त्या गव्हले वळायला बसत.

डाव्या हातात सुपारीएवढी गोळी. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तिचं टोक धरून फिरवत फिरवत बारीक तंतू ओढतात आणि दोन्ही टोकं निमुळती राहतील अशा बेतानं तोडतात. सरावलेल्या बाईचं बोटांकडे लक्षही नसतं. ती शेजारणीशी बोलत असते, मध्येच एखाद्या पोराला दटावते, आणि ताटात गव्हल्यांची भुरभुर चालूच राहते. कुणाचा गव्हला ठोसर, कुणाचा जिऱ्यासारखा. जाणत्या बाया ताट पाहून हात ओळखत. वाटीभर रव्याला अख्खी दुपार सहज जाई.

हाच रवा नखावर दाबला की नखोल्या होत, कोऱ्या लाकडी फणीवर फिरवला की रेघारेघांच्या फणोल्या. शिवाय मालत्या, बोटव्या. या साऱ्या वळून केलेल्या ऐवजाला वळवट म्हणतात. फणी सोडली तर बाकी सगळं बोटांच्या भरवशावर.

या कामाला मुदत होती. चैत्र सरता सरता सुरू झालेली धांदल मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या सुमाराला, आटपावी लागे. कोकणात पावसाआधीच्या या बेगमीला आगोट म्हणतात. पुरुष घर शाकारत, कौलं परतत, जळण आत घेत. बायका कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकत, फणसाची साठं पसरत. किनाऱ्यावर बोंबील आणि सोडे वाळत. देशावर शेतं मोकळी, रानातलं काम थांबलेलं. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असत. झोके आणि गाणी तर खरीच, पण घराला आयते चार हात मिळत, हेही तितकंच खरं. शेतात जशी सावड, तशीच ओसरीवरही: आज हिच्याकडच्या शेवया, उद्या तिच्याकडच्या कुरडया.

आता मूळ प्रश्न. एवढी कलाकुसर गव्हावरच का? कारण गहू रोजचा नव्हताच. देशावरचं जेवण ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर, कोकणातलं भातावर, डोंगरातलं नाचणीवर चाले. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर जावई आल्यावर. सांगली-साताऱ्याकडे खपली गव्हाचा मान मोठा, पण तोही राखून ठेवायचा. धान्य महाग आणि बाईच्या वेळेला मोलच नाही, अशा हिशेबात वळवटासारखी कला रुजते. मूठभर गव्हावर दिवसभराची मेहनत चढवली की त्याचं खानदानी पक्वान्न होई, वर्षभर टिके आणि अवचित पाहुणा आला तरी घराची अब्रू राखी. या कलेचं कौतुक करताना हिशेबाची ही दुसरी बाजू सहसा कुणी उघडत नाही.

शेवयांचं काम तर एकटीचं नव्हेच. त्यासाठी लांब, गुळगुळीत पाट असे. त्याचं एक टोक उंचावर टेकवायचं आणि घोड्यावर बसल्यासारखं त्यावर बसायचं. मुरलेली कणीक तळव्याखाली रगडत पुढे नेली की बोटांच्या फटींतून तारा सुटत. समोर बसलेली दुसरी त्या तारा अलगद ओढून, तुटू न देता, आडव्या बांधलेल्या काठीवर टाकी. वाऱ्याची झुळूक आली तर दोघींचा जीव वर-खाली, आणि तशात पोरं धावत आली तर विचारायलाच नको. पुढे लोखंडी साचा आला. बाजेच्या काठाला तो आवळायचा आणि दांडा फिरवायचा. एका गल्लीत एकच साचा, आज या घरी तर उद्या त्या घरी. पाट माळ्यावर गेला.

कुरडईची गोष्ट निराळी. तिथे बोटांपेक्षा धीर लागतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा पिळून काढायचा आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक भल्या पहाटे चुलीवर चढवायचा. तो हाटताना खांदा भरून येतो. गुठळी झाली तर तीन दिवसांची मेहनत वाया. ऊन वर यायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत, म्हणून सगळं घर अंधारातच उठलेलं. राखणदार पोरांना वाटीत गरम चीक, त्यावर कुणाकडे तेल, कुणाकडे दूध-साखर. बालपणाच्या आठवणी लिहिणाऱ्या मंडळींनी या वाटीवर इतकं लिहिलंय की चीक हाटणाऱ्या हाताविषयी लिहायचं राहूनच गेलं.

लग्नसराई आणि वाळवण एकाच मोसमातली, त्यामुळे वळवट थेट लग्नविधीत शिरलं. बऱ्याच घरांत लग्नाआधी ‘मुहूर्त’ करतात. जात्याला किंवा मुसळाला आंब्याची पानं, हळकुंड आणि सुपारी बांधून सुवासिनी हळद नि उडीद दळतात, सांडगे घालतात, चार गव्हले वळतात. मग तेच गव्हले लाल, पिवळे, हिरवे रंगवून रुखवतात मांडले जात. कुणी त्यांची नक्षी भरी, कुणी वधूवरांची नावं लिही. मुलीकडच्यांची ऐपत आणि हात, दोन्ही व्याह्यांना दाखवायची ती जागा.

यात एक गोष्ट टोचते. मुहूर्ताला हात सुवासिनीचा. पण जुन्या उच्चवर्णीय घरांत वर्षाचे पापड-कुरडया उपसणारी, गव्हल्यांची पंचक्रोशीत ख्याती असलेली बाई कितीदा तरी घरातली विधवा आत्या, नाहीतर काकू असे. शुभकार्याचा पहिला गव्हला वळायला तिला बोलावत नसत. उरलेली परात मात्र तिच्यापुढे सरके.

या सगळ्या रीतीची मोडतोड एकदम झाली नाही. आधी गावोगावी गिरण्या आल्या आणि जातं गप्प झालं. दळताना सुचलेल्या आणि दळतानाच गायलेल्या ओव्यांना जागा उरली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या म्हणून तो ठेवा निदान कागदावर आणि ध्वनिफितींवर राहिला.

दुसरा घाव वेळेच्या हिशेबावर बसला, आणि तो बायकांनीच घातला. 15 मार्च 1959 रोजी, उन्हाच्या तोंडावर, गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले 80 रुपये, पहिल्या दिवसाचा माल चार पुडे. काम जुनंच, आया-आज्यांनी केलेलं. फक्त लाटण्याला आता दाम मिळू लागला. पुढे त्याचाच ‘लिज्जत’ झाला. त्या पहिल्या वर्षी पावसानं मात्र त्यांनाही इंगा दाखवला. पापड वाळेनात, चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटलेला स्टोव्ह. पिढ्यान्‌पिढ्या मृगाची धास्ती घेत आलेल्या घरकामातून मृगच वजा झाला.

मग गव्हाचीच मिरास गेली. 1966 साली मेक्सिकोहून 18 हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं देशात आलं, पाठोपाठ कल्याणसोना आणि सोनालिका ही वाणं शेतात उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत ज्वारी खाणाऱ्या घरांतही पोळी रोजची झाली आणि शेवयांचं पाकीट वाण्याकडे मिळू लागलं. गहू स्वस्त झाला. बाई नोकरीला लागली, तिचा वेळ महाग झाला. जुना हिशेब पुरता उलटला. मूठभर रव्यासाठी दुपार घालवणं आता ऐपतीबाहेरचं. भाकरीच्याही बाबतीत असंच घडलं आहे: ज्वारी आज गव्हाहून महाग मिळते आणि हॉटेलात भाकरी मागवली की बिल वाढतं.

गव्हले मात्र पुरते गेले नाहीत. बचत गटांच्या प्रदर्शनांत आणि गृहउद्योगांच्या दुकानांत ते पाव किलोच्या पिशव्यांतून दिसतात. काही एकसारखे, यंत्रातून पडलेले. काही वेडेवाकडे, टोकं निमुळती असलेले, आणि त्यांची किंमत अर्थातच जास्त. लग्नघरात मुहूर्ताच्या दिवशी पाच सुवासिनी पाटावर बसतात. नवरीची मावशी चिमटी कशी धरायची ते करून दाखवते, आतेबहिणीची गोळी पुन्हा पुन्हा तुटते, हसाहशी होते. फोटोवाला म्हणतो, ‘काकू, हात जरा वर.’ ताटात दहा-बारा दाणे पडले की मुहूर्त झाला. ते कुंकवाच्या करंड्याशेजारी तसेच राहतात आणि आत स्वयंपाकघरात खिरीसाठी कात्रीनं पिशवी कापली जाते.