अल्पमुदत म्हणजे किती दिवस?

मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे असल्यामुळे भगिनी मला वारंवार विचारतात, "बाई, अल्पमुदत म्हणजे नेमके किती दिवस?" हिशेबशास्त्राचे उत्तर सोपे आहे. जे देणे बारा महिन्यांच्या आत फेडावयाचे, ते अल्पमुदतीचे. परंतु आपला केळापूर तालुका कापसाचा. येथे मुदत ठरते ती पिकावर, आणि ही गोष्ट कायद्याच्या ध्यानात येण्यास बराच काळ लागला.

सन १९०४ च्या कायद्याने आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पाया घातला गेला. पुढे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात शेतीच्या हंगामी कामांसाठी द्यावयाच्या पैशाची तरतूद झाली. मुदत ठेवली ९ महिन्यांची. आता आपला कापूस पाहा. मे महिन्यात बियाण्याची जुळवाजुळव, मृगात पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही करून पहिला वेचा, आणि शेवटचे वेचे पौष-माघापर्यंत. मेपासून मोजले तर फेब्रुवारीतच नऊ महिने भरतात आणि कापूस अजून घरात! १९५१ साली ही मुदत १५ महिने झाली, तेव्हा कुठे कायदा आणि शेत यांचा मेळ बसला.

तरीही हा पैसा फार थोड्यांच्या हाती पडे. गोरवाला समितीने १९५१-५२ साली देशभर पाहणी केली. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जांपैकी सहकारी संस्थांचे जेमतेम ३ रुपये आणि सावकारांचे सुमारे ७० रुपये, असे तीत आढळले. याच समितीच्या शिफारशींनंतर १९५६ साली रिझर्व्ह बँकेत एक स्वतंत्र निधी उभा राहिला. दुष्काळाने पीक बुडाले तर अल्पमुदतीचे कर्ज मध्यम मुदतीचे करून द्यावयाचे, हा त्याचा हेतू. १९८२ पासून शेतीच्या पतपुरवठ्याचे हे काम नाबार्डकडे आले.

मात्र एक दुखणे कोणत्याही कायद्याने गेले नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगते. सासऱ्यांनी पेरणीसाठी पीककर्ज काढले आणि त्यातले बरेचसे नणंदेच्या लग्नात खर्ची पडले. कापूस विकून बी-खताचा पैसा निघतो, मांडवाचा निघत नाही. मग दरवर्षी मार्चमध्ये चार दिवसांसाठी हातउसने आणून जुने कर्ज भरावयाचे आणि लगेच नवे उचलावयाचे. यालाच आपण 'नवे-जुने' म्हणतो. कागदावर ते कर्ज दर वेळी एका वर्षाचेच असे. घरात ते अकरा वर्षे राहिले. सासूबाईंच्या पाटल्या त्यातच गेल्या.

तेव्हा भगिनींनो, अल्पमुदत म्हणजे केवळ तारीख नव्हे. ज्या कामासाठी पैसा घेतला, त्याच कामातून तो हंगामाअखेर परत येणार असेल, तरच ते कर्ज अल्पमुदतीचे. विहीर, घर, लग्न यांसाठी लांब मुदतीचेच कर्ज घ्यावे, नाहीतर आधी साठवावे.

मंडळाच्या कर्जवहीत आजवर नाव, रक्कम आणि तारीख असे तीनच रकाने होते. यंदा मी चौथा आखला आहे: 'फेड कशातून होणार?' अर्ज करणाऱ्या प्रत्येक भगिनीने तो आपल्या हाताने भरावा, एवढीच विनंती.