स्टाइलशीट

वेबपृष्ठावरचा मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये, रंगात, आकारात आणि मांडणीत दिसावा, हे ब्राउझरला सांगणारी नियमांची फाइल. तिची प्रचलित भाषा सीएसएस. होकून व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न येथे असताना या भाषेचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पहिल्या आवृत्तीला मान्यता दिली.

मजकूर एचटीएमएलमध्ये आणि रूप स्टाइलशीटमध्ये, अशी ही वाटणी आहे. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. असे नाव पानापानांवर बदलणे हे मजकुराचे काम. बोधचिन्हात ते चित्ररूपाने असेल तर चित्रही नवे करावे लागते. स्टाइलशीटचा त्याच्याशी संबंध नाही. उलट सगळ्या मथळ्यांचा रंग बदलायला, पाने कितीही असली तरी, तिच्यातली एक ओळ पुरते.

एकाच मथळ्याला दोन नियम लागू पडले, तर अधिक नेमका नियम चालतो. दोन्ही सारखेच नेमके असतील तर नंतर लिहिलेला. फॉन्ट आणि रंग आतल्या घटकांकडे वारशाने जातात, समास आणि चौकट जात नाहीत. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

ब्राउझरची मूळ मापे रोमन लिपीला सोयीची आहेत, देवनागरीला ती अपुरी पडतात. उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. त्यांच्या यादीत ‘राहुरी’खाली ‘कर्जत’ आले आणि ओळींतले अंतर कमी असले, की वरचा उकार खालच्या रफाराला भिडतो. म्हणून मराठी मजकुराला ओळीची उंची जास्त द्यावी. अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेघ तुटते. इंग्रजी मथळ्यांची ही हौस मराठीत टाळलेलीच बरी. तिरप्या अक्षरांचा फॉन्ट नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरेच ओढून तिरकी करतो, आणि ती फार क्वचित चांगली दिसतात.

पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवले, तर स्टाइलशीट तेवढ्याच मजकुराला वेगळा फॉन्ट देऊ शकते, आणि फॉन्टमध्ये सोय असल्यास ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. याद्यांचे क्रमांकही देवनागरी अंकांत घालता येतात. मजकुरातले आकडे मात्र जसे टंकले तसेच राहतात.