लाल दिवा आणि पाण्याचा डबा

जानेवारीत पहाटे महाबळेश्वरला गाडी सुरू केली आणि कूलंटचा लाल दिवा लागला. झालं! दहा मिनिटांनी आपोआप विझला. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. परळच्या मेकॅनिकला फोन लावला. "इंजिन थंड असताना टाकीतली पातळी बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका." पातळी खालच्या रेषेच्या किंचित खाली होती. थंडीत द्रव आकसतो, सेन्सरला 'कमी' दिसतं. इंजिन तापलं की फुगतो. मुंबईच्या उबेत ही तूट कधी कळलीच नाही.

बाबा मागे बसून हसत होते. गिरगावात आमची पद्मिनी होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची, कुर्ल्यात बनलेली. पण घरात शेवटपर्यंत 'फियाट'च. तिच्या रेडिएटरात नळाचं पाणी. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला, हा सगळ्यांचा हिशेब. आतला गंज कोण बघतो!

सर जॉन माल्कमने १८३० साली खुला केलेला बोरघाट. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधी उन्हाळ्यात तिथे कडेला बॉनेट उघडलेल्या गाड्या हमखास दिसत. फ्युएल पंपावर ओलं फडकं, डिकीत पाण्याचा डबा. बाबांच्या मनगटावरचा डाग तिथलाच. घाईत झाकण फिरवलं, वाफ अंगावर आली. मी तेव्हा मागच्या सीटवर होतो.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईतून गेली. असो.

दादरला परतल्यावर होजची क्लिप ढिली निघाली. बाबा म्हणाले, "डबा ठेव डिकीत." ठेवलाय.