अकस्मात मृत्यूचा पंचनामा : शोकाकुल कुटुंबाने काय जाणावे

मुंबईत अनैसर्गिक मृत्यूची चौकशी एकेकाळी कोरोनर करीत असे. ते पद १९९९ मध्ये संपुष्टात आले. आर्णीसारख्या तालुक्यांत हे काम पूर्वीपासूनच पोलीस व दंडाधिकारी यांच्याकडे आहे. १ जुलै २०२४ पासून त्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे.

चौकशीचा क्रम

पोलीस पाटील किंवा नातेवाइकांनी खबर दिल्यावर ठाण्यात अकस्मात मृत्यूची, आपल्याकडील बोलीत 'मर्ग'ची, नोंद होते. पोलीस अधिकारी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून घटनास्थळी जातात आणि परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष पंचनामा करतात. त्यात मृतदेहावरील जखमा, खुणा व मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण लिहिले जाते. हा अहवाल २४ तासांत वरिष्ठ दंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यावरून कोणी दोषी ठरत नाही. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदन करावे लागते. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात.

विषबाधेच्या प्रकरणी व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. तोपर्यंत डॉक्टर कारणाविषयीचे मत राखून ठेवू शकतात. ही प्रतीक्षा काही महिन्यांची असू शकते. अंत्यविधी मात्र त्यासाठी थांबत नाही. शवविच्छेदनानंतर देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो.

एका शब्दाचे मोल

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध तेच, परंतु ते फवारताना अंगात भिनले की प्राशन केले, यावर कुटुंबाचा पुढील मार्ग ठरतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या तीत बसत नाही. शेतकरी आत्महत्येसाठी एक लाखाची शासकीय मदत आहे व तिची पात्रता जिल्हा समिती ठरवते. दोन्हीकडे पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल पाहिला जातो.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : जबाब वाचून घ्यावा, वाचता येत नसल्यास वाचून दाखविण्यास सांगावे. जे पाहिले तेच सांगावे. फवारणी चालू होती काय, पंप कोठे होता, त्रास केव्हा सुरू झाला, हे न विसरता नोंदवावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. मर्ग क्रमांक टिपून ठेवावा व अहवालांच्या प्रती मागाव्यात.

लाजेपोटी खरे दडवू नये. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारावा, असे १९८३ चा धर्मसंहिता ग्रंथ सांगत नाही. त्या दिवशी घरातील माणसांना काही सुचत नसते. अशा वेळी शेजाऱ्याने ठाण्यापर्यंत सोबत जाणे हीदेखील सेवाच होय.