दवाखाना घरी नेणाऱ्या बायका: गडचिरोलीतल्या ३९ गावांची गोष्ट

लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करायचं, असं म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यासमोर मुंबईचं १९२९ सालचं वाडिया हॉस्पिटल किंवा तसंच एखादं मोठं बालरुग्णालय येईल. कॉलेजची मुलं रविवारी जातात, वॉर्डातल्या लेकरांना गोष्टी वाचून दाखवतात, चित्रं काढतात, थकलेल्या आईला चहा आणून देतात. काम चांगलंच आहे. पण त्यात एक गोष्ट आपण धरूनच चालतो. आजारी मूल हॉस्पिटलपर्यंत पोचलेलं आहे.

मूल तिथपर्यंत पोचतच नसेल तर स्वयंसेवकाने जायचं कुठे? या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, १९९० च्या दशकात शोधलं गेलं. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे या गोष्टीतल्या माणसांइतकेच तिच्यातले आकडे मला ओढून घेतात. आज ते आकडे तुमच्यासोबत वाचायचे आहेत. कारण 'स्वयंसेविका' या शब्दावरून आज जो वाद चाललाय, त्याची मुळं याच आकड्यांत आहेत.

आधी जागा समजून घेऊ

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पूर्वेकडचा जंगलाचा भाग गडचिरोली जिल्हा झाला. जिल्ह्याचा बहुतेक भाग आजही जंगलाखाली आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी तुम्ही दरवर्षी वाचत असाल.

बाहेरून येऊन काम करणाऱ्यांची परंपरा या भागाला जुनी आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, १९६७ पासून सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी विजेशिवाय दवाखाना चालवला. या सगळ्यात एक समान धागा दिसतो. शिकलेला माणूस शहर सोडून येतो आणि सेवा करतो. आपल्या मनात स्वयंसेवकाचं जे चित्र आहे ते बरंचसं इथूनच आलंय.

१९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले तेही याच वाटेने. नागपुरात वैद्यकीय शिक्षण, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आणि तिथून थेट इथे. 'सर्च' या त्यांच्या संस्थेने पुढे आदिवासींसाठी दवाखाना काढला. तो काढताना त्यांनी लोकांना विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णापाशी राहू देत नाहीत, अशी उत्तरं मिळाली. म्हणून शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. आईला आजारी मुलाजवळ राहू द्यावं, ही गोष्ट इंग्लंडच्या हॉस्पिटलांनाही १९५९ मध्ये प्लॅट समितीने अहवाल लिहून सांगावी लागली होती.

पण आपुलकीचा दवाखाना बांधूनही एक रुग्ण येत नव्हता. तो म्हणजे नुकतंच जन्मलेलं बाळ.

७६३ बाळं

१९९५-९६ मध्ये सर्चने ३९ गावांमधल्या ७६३ नवजात बाळांची जन्मापासून २८ दिवस नोंद ठेवली. ९५ टक्के बाळंतपणं घरीच झालेली होती. ४२ टक्के बाळं कमी वजनाची होती. ५४.४ टक्के बाळांना या ना त्या कारणाने वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात मदत मिळाली २.६ टक्के बाळांना. हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्यांचं प्रमाण ०.४ टक्के. ७६३ चे ०.४ टक्के म्हणजे तीन बाळं. आणि ४० बाळं दगावली.

हे आकडे एकापुढे एक ठेवून पाहा. निम्म्याहून जास्त बाळांना गरज आहे आणि हॉस्पिटलात पोचतायत तीन. अशा ठिकाणी बालरुग्णालयात कितीही चांगले स्वयंसेवक नेमले तरी ४० च्या आकड्यात काय फरक पडणार?

जगभरात नवजात बाळांचे साधारण तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. पाचव्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते असं आपल्याकडे म्हणतात. पाचवा दिवस पार पडणं हीच मोठी गोष्ट होती, हे त्या समजुतीतून कळतं. या दिवसांत बाळ-बाळंतीण घरातल्या एका कोपऱ्यात असतात. डॉक्टर तिथे पोचत नाही आणि बाळंतीण बाहेर पडत नाही. मग त्या खोलीत शिरायची मुभा कोणाला? गावातल्याच बाईला.

मणी आणि वाळूचं घड्याळ

गावातल्या माणसाला आजार ओळखता येईल का, हा प्रश्न सर्चने आधी न्यूमोनियाच्या बाबतीत सोडवला होता. विदर्भात लेकराला 'डबा' झाला म्हणतात तो हाच. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. मिनिटाला किती श्वास ते मोजायचे. पण दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर?

यावर बंग दांपत्याने एक साधं यंत्र बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. म्हणजे मोजणी फक्त दहापर्यंत, बाकीचं गणित मण्यांत. मला हे यंत्र फार आवडतं. यात दाईला गणित शिकवत बसण्याऐवजी गणितच तिच्या हातात मावेल एवढं केलंय.

५८ गावांमध्ये हे काम झालं आणि ४४ गावं तुलनेसाठी होती. उपचार म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, स्वस्तातलं तोंडाने द्यायचं औषध. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. उपचार झालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तर तुलनेच्या गावांमध्ये १३.५ टक्के.

सुई कोणाच्या हातात?

नवजात बाळाचं प्रकरण याहून अवघड होतं. त्याला होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, काही तासांत जीव घेऊ शकतो आणि त्यावर इंजेक्शन लागतं. तेव्हाचा वैद्यकीय नियम स्पष्ट होता. असं बाळ हॉस्पिटलातच हवं आणि सुई प्रशिक्षित हातातच हवी. नियमात चूक काहीच नव्हती, फक्त तो पाळायची सोय या गावांमध्ये नव्हती.

सर्चने प्रत्येक गावातून पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेली एक बाई निवडली. तिला नाव दिलं आरोग्यदूत. पहिल्या वर्षी तिने मुख्यतः पाहायचं, वजन करायचं, ताप मोजायचा आणि लिहून ठेवायचं. दुसऱ्या वर्षी कमी वजनाच्या बाळाला ऊब, स्तनपानाला मदत आणि सेप्सिसवर जेंटामायसिनचं इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी यात आयांच्या आरोग्यशिक्षणाची भर पडली. सेप्सिस ओळखायला साध्या खुणा होत्या. रडणं क्षीण झालंय, दूध ओढत नाही, अंग ढिलं पडलंय, अंग गार लागतंय, अशा. आधी हॉस्पिटलात न्या असं सांगायचं. घरचे नाही म्हणाले, तर त्यांची लेखी संमती घेऊन घरीच उपचार.

आता निकाल. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी उपचार सुरू होण्याआधी १६३ पैकी २७ दगावली होती, म्हणजे १६.६ टक्के. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ पैकी २ दगावली, म्हणजे २.८ टक्के.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ७१ हा आकडा लहान नाही का? लहान आहे. म्हणून असा हिशेब करून बघा. जुनंच प्रमाण चालू राहिलं असतं तर ७१ पैकी साधारण १२ बाळं गेली असती. गेली दोन. निव्वळ योगायोगाने बारावरून दोनवर येणं फारच दुर्मिळ असतं.

एकूण नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ वरून ५९.६ झाला, म्हणजे जवळपास जागच्या जागी. दोन्हीकडचे बदल एकमेकांतून वजा करून मूळ दराशी ताडले की निव्वळ घट निघते ६२ टक्के. हा लेख डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. एका बाळामागे खर्च होता ५.३ डॉलर.

या अभ्यासाची मर्यादाही सांगते. गावांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, पाडलेले नव्हते. त्यामुळे गावागावांत आधीपासूनच काही फरक असेल, अशी शंका घ्यायला जागा राहते. या शंकेला उत्तर पुढे इतर ठिकाणांहून मिळालं. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हटला यादृच्छिक गट पाडून अभ्यास झाले. उपचारांचा संच प्रत्येक ठिकाणी वेगळा होता, पण घरभेटींचा पाया तोच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घट अनुक्रमे ५४ आणि ३४ टक्के होती. ३४ हा आकडा ६२ पेक्षा बराच कमी आहे. पण दिशा सगळीकडे एकच आहे, आणि विज्ञानात हे महत्त्वाचं असतं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली.

गाव ओलांडल्यावर काय झालं

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आल्या आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे त्यांचं काम झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर सात. इंजेक्शन मात्र आशांच्या वाट्याला आलं नाही. २०१४ च्या सूचनांनुसार ते काम एएनएमकडे आहे. मुळातल्या संचातला डॉक्टरांना सगळ्यात जास्त खटकणारा भाग वाटेतच गळून पडला.

पैशाचंही पाहू. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूतांना कामानुसार मानधन होतं. सरकारी योजनेत एका बाळामागे २५० रुपये ठरले. सहा भेटींनी भागा. एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा होत नाहीत.

त्याहून मला खटकते ती एक अट. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे पैसे मिळायला वजनाची नोंद, लसीकरण आणि जन्मनोंदणी झालेली हवी, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई-बाळ सुखरूप हवेत. हेतू चांगला असेल. पण परिणामाचा विचार करा. जिने सगळ्या भेटी दिल्या आणि तरीही बाळ वाचलं नाही, तिच्या कष्टांचे पैसे अडकतात. शिवाय मृत्यू लपवावा असा दबाव त्या अटीतच आहे. आणि गडचिरोलीचा सगळा प्रयोग उभा होता तो प्रत्येक मृत्यू प्रामाणिकपणे नोंदवण्यावर. ते ४० मृत्यू मोजले गेले नसते, तर पुढचा एकही आकडा निघाला नसता.

आता त्या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे सरकारी कागदावर त्यांचं नाव 'आशा स्वयंसेविका' असं असतं. या शब्दामुळे त्यांना मिळतो तो पगार ठरत नाही, मोबदला ठरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मानधनात दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्याआधी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला होता.

रविवारी वॉर्डात गोष्टी वाचणारा विद्यार्थी स्वयंसेवक असतो, कारण एखाद्या रविवारी तो गेला नाही तरी चालतं. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाचं वजन करायला जाणारी बाई गेली नाही तर चालत नाही. गडचिरोलीच्या अभ्यासाने तिच्या जाण्याची किंमत मृत्युदरात मोजून दाखवली आहे. ज्या कामाचा परिणाम इतका काटेकोर मोजता येतो, त्याला 'स्वयंसेवा' म्हणायचं की नोकरी, हे तुम्हीच ठरवा.

आणि तुम्हाला खरंच लहान मुलांसाठी स्वयंसेवक व्हायचं असेल, तर हॉस्पिटलात जरूर जा. त्याआधी एक करा. तुमच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताई कोण आहेत ते शोधा आणि त्यांच्यासोबत एक दिवस फिरा. त्यांच्या पिशवीतला वजनकाटा चालतो का, थर्मामीटर फुटलंय का, सहावी भेट झालेल्या बाळाचे पैसे मिळाले का, हे त्यांना विचारा. फॉर्म भरायला मदत लागत असेल तर बसून भरून द्या.