५ मिलिमीटरची चोरी : टोयोटाचा तो टर्बो, १९९५

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक मित्र नक्की असेल, ज्यानं बाइक घेतली आणि महिन्याभरात कंपनीचा एअर फिल्टर काढून शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला. का, असं विचारलं तर म्हणतो, "गाडीला मोकळा श्वास मिळतो रे!" तत्त्व म्हणून त्याचं चुकत नाही. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. पण १ किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लीटर पेट्रोलमागे इंजिन साधारण ९,००० लीटर हवा ओढतं. जास्त पेट्रोल ओतणं सोपं असतं हो, त्याच्या जोडीची हवा आत कोंबणं अवघड. म्हणून इंजिनाची ताकद वाढवू पाहणारा प्रत्येक जण शेवटी हवेच्या वाटेपाशीच येऊन थांबतो.

आजची गोष्ट याच वाटेची. फक्त इथं गल्लीतला मेकॅनिक नाही, जगातली एक बलाढ्य कंपनी आहे. आणि डाव लागलाय जागतिक रॅली अजिंक्यपदाचा.

थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात रॅलीमध्ये 'ग्रुप बी' नावाच्या गाड्या धावायच्या. हलक्या, टर्बोवाल्या, भन्नाट ताकदीच्या. रस्ता मात्र साधा, घाटाचा, आणि प्रेक्षक अगदी कडेला उभे. १९८६ मध्ये पोर्तुगालला एक गाडी गर्दीत घुसली आणि माणसं गेली. त्याच वर्षी २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्तो यांची गाडी दरीत कोसळून पेटली. दोघेही गेले. तेव्हा ठरलं, पुरे झालं. १९८७ पासून 'ग्रुप ए' आला. म्हणजे शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीवर आधारलेलीच गाडी रॅलीत आणायची.

पण कंपन्या कसल्या ऐकतात! टर्बोतून पुन्हा ताकद वाढू लागली. मग नियम करणाऱ्या एफआयए या संघटनेनं साधा आणि हुशार उपाय काढला. हवाच मोजून द्यायची! टर्बोच्या तोंडाशी एक कडं बसवायचं, त्याला म्हणतात रिस्ट्रिक्टर. इंजिनाला लागणारी सगळी हवा त्या कड्याच्या भोकातूनच गेली पाहिजे. आधी या भोकाचा व्यास ३८ मिलिमीटर होता, १९९५ च्या हंगामात तो ३४ वर आणला. खिशातलं १० रुपयांचं नाणं काढून बघा, ते २७ मिलिमीटरचं असतं. त्याहून थोड्याच मोठ्या भोकातून पूर्ण रॅली कारनं श्वास घ्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, टर्बो आणखी जोरात ओढेल की! नाही ओढता येत. भोकातल्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की ती त्याहून जास्त यायला तयारच होत नाही. तुम्ही पलीकडून कितीही जोर लावा. म्हणजे भोकाचा आकार ठरला की ताकदीची मर्यादा ठरली. सगळ्यांना सारखी. निदान कागदावर तरी.

आता येतो टोयोटाचा संघ. जर्मनीतल्या कलोन शहरात त्यांचा तळ, प्रमुख ओव्हे अँडरसन, हे स्वतः जुने रॅलीपटू. १९९३ आणि १९९४, दोन्ही वर्षी टोयोटाच विजेती. १९९३ ला चालकांचं अजिंक्यपद युहा कांकुनेनचं, १९९४ ला दिदिए ओरिओलचं. दोघंही टोयोटात. पण १९९५ ला नवी सेलिका आली, भोक लहान झालं आणि समोर सुबारू जोरात होती. तरी ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या कॅटलुनिया रॅलीला सगळे जमले तेव्हा गुणतक्त्यात पुढं कोण होता? कांकुनेन. चार वेळचा जगज्जेता, पाचव्या मुकुटाच्या मागे. त्याच्यामागे सुबारूचे दोघं, कॉलिन मॅकरे आणि कार्लोस साइन्झ.

कॅटलुनियात कांकुनेनची गाडी रस्त्याबाहेर गेली. सुबारूनं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. पण रॅलीची खरी बातमी तपासणीच्या शेडमध्ये तयार होत होती. टोयोटाचा टर्बो अधिकाऱ्यांच्या हातात होता.

बाहेरून बघाल तर सगळं नियमात. कडं जागच्या जागी, भोक ३४ चं, सील शाबूत. पण खेळ आत होता. हवेचा पाइप टर्बोला जोडून खास क्लिपनं आवळला, की रिस्ट्रिक्टर सुमारे ५ मिलिमीटर मागे सरकायचा. त्याच्या कडेनं एक फट उघडायची आणि भोकाला वळसा घालून जादा हवा आत जायची. एफआयएच्या अंदाजानं ही जादा हवा होती सुमारे २५ टक्के. आणि तपासायला पाइप काढला, की आतल्या दणकट स्प्रिंग कड्याला पुन्हा जागेवर ढकलायच्या. फट बंद!

लक्षात आलं का? तपासायला हात लावला, की पुरावाच मिटायचा. आतले भाग इतके घासूनपुसून बनवलेले, की हवेला कुठं अडथळा नको आणि बघणाऱ्याला कुठं फट दिसायला नको. खास अवजाराशिवाय त्या स्प्रिंग उघडायच्या तर प्रचंड जोर लावावा लागायचा. तेव्हाचे एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी शिक्षा सुनावताना या कारागिरीचं जाहीर कौतुकही केलं. इतकी कल्पक आणि अवघड युक्ती आमच्या तज्ज्ञांनी कित्येक वर्षांत पाहिली नाही, अशा अर्थाचं ते बोलले. चोराला पकडणारा फौजदार त्याच्या घरफोडीच्या हत्यारांवर फिदा व्हावा, तसंच हे!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला निकाल आला. टोयोटाचे त्या वर्षीचे सगळे गुण रद्द आणि १२ महिन्यांची बंदी.

इथं जरा थांबू, कारण मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा भाग. टोयोटाच्या चालकांना या भानगडीची माहिती होती, असा कुठलाही पुरावा एफआयएला मिळाला नाही. तरी गुण त्यांचेही गेले. कांकुनेनसमोर अजून एक रॅली बाकी होती, गणित अवघड होतं पण संपलेलं नव्हतं. ते एका स्प्रिंगनं संपवलं. अजिंक्यपद गेलं मॅकरेकडे. इंग्लंडमधल्या शेवटच्या रॅलीत त्यानं साइन्झला हरवलं आणि २७ व्या वर्षी तो पहिला ब्रिटिश रॅली जगज्जेता झाला. त्याचा विजय खणखणीत होता. पण कांकुनेन त्या फटीशिवाय कुठं असता? आणि १९९५ मधले त्याचे कुठले सेकंद त्याच्या हाताचे, कुठले त्या ५ मिलिमीटरचे? हे आता कुणीच, खुद्द कांकुनेनसुद्धा, सांगू शकत नाही. फसवणूक अशी असते. ती समोरच्याचं जिंकणं चोरतेच, पण आपल्याच माणसाची खरी मेहनतही संशयात टाकते.

टोयोटा १९९७ च्या फिनलंड रॅलीत नव्या कोरोलासह परतली. १९९८ ला साइन्झ टोयोटात होता. वर्षाच्या शेवटच्या रॅलीच्या शेवटच्या टप्प्यावर, समाप्तीरेषा काही शे मीटरवर असताना, इंजिननं मान टाकली आणि हातातलं अजिंक्यपद गेलं. १९९९ ला मात्र टोयोटानं उत्पादकांचं विजेतेपद पुन्हा मिळवलं. म्हणजे बघा, याच कंपनीला सरळ मार्गानंही जिंकता येत होतं.

आणि ही युक्ती जुनी झाली असं समजू नका. बरोबर २० वर्षांनी, २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. प्रदूषणाची चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सज्जन होणारं सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत सापडलं. स्प्रिंगच्या जागी कोड आला, बाकी गंमत तीच. कुणी बघतंय, की साळसूद. पाठ फिरली, की मोकाट.

आता पुन्हा आपल्या मित्राकडे. त्याला सांगा, फिल्टर बदलणं हा काही गुन्हा नाही, पण नुसता फिल्टर बदलून आणि पेट्रोलचं गणित तसंच ठेवून फारसं काही मिळत नाही, आवाज सोडला तर. वर चांगला फिल्टर जी धूळ अडवत होता, ती आत जायचा धोका. पण त्याचा एक गुण मान्य करायलाच हवा. त्यानं केलेला बदल उघड्यावर आहे, कुणीही वाकून बघावं. कलोनच्या त्या इंजिनिअरांकडे त्याच्या शंभरपट डोकं होतं. पण आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम त्यांना कुणालाच दाखवता येत नव्हतं. दिसलं, तेव्हा सगळंच संपलं.

पुढच्या भागात भेटू. तोवर मोकळा श्वास घ्या!